‘अंतर्गत बाब’ आणि बाहेरची नजर

एखाद्या देशात अल्पसंख्याकांवर अन्याय होतो, त्यांची बाजू मांडणारा वकील, पत्रकार किंवा कार्यकर्ता तुरुंगात जातो. मग दुसऱ्या देशाचे परराष्ट्र खाते तीव्र चिंता व्यक्त करते आणि पहिला देश ‘ही आमची अंतर्गत बाब आहे, ढवळाढवळ नको’ असे बजावतो. वृत्तपत्राच्या आतल्या पानावर या साऱ्याला चार ओळी मिळतात आणि विषय तिथेच संपतो. या चार ओळींमागे अडीचशे वर्षांचा इतिहास, अनेक तह, शेकडो ठराव आणि असंख्य माणसांची आयुष्ये आहेत. मराठीत या विषयावर सलग, विस्ताराने लिहिलेले फारसे सापडत नाही. जे सापडते ते बहुधा प्रसंगाच्या निमित्ताने आणि रागाच्या भरात लिहिलेले असते. आपल्याकडे दोन मते ठाम रुजली आहेत. एक म्हणते, हा सगळा बड्या राष्ट्रांचा कावा आहे. दुसरे म्हणते, बाहेरून दट्ट्या बसल्याशिवाय कोणतेही सरकार हलत नाही. दोन्ही मते दोन सरकारांकडे पाहतात. त्या दोघांच्या मध्ये उभा असलेला माणूस, म्हणजे अन्याय सोसणाऱ्या समूहातून उठून साक्ष देणारा माणूस, दोघांच्याही नजरेतून सुटतो. या प्रस्तावनेचे प्रतिपादन एवढेच आहे : बाहेरच्या चिंतेचे मोल ती व्यक्त करणाऱ्याच्या थोरवीवरून ठरत नाही. तिच्यामागे आतली साक्ष आहे का आणि त्या साक्षीदाराला तिचा आधार मिळतो का, यावरून ते ठरते.

सुरुवात मात्र साक्षीदाराला वगळूनच झाली. १७७४च्या कुचुक कायनार्जा तहाच्या आधारे रशियाने तुर्की साम्राज्यातील ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा कैवार घेण्याचा हक्क सांगितला आणि पुढचे शतकभर तो हक्क तुर्कस्तानवर दबाव आणण्यासाठी वापरला. १८७८च्या बर्लिन परिषदेत युरोपातील सत्तांनी रुमानियाच्या स्वातंत्र्याला मान्यता देताना सर्व धर्मीयांना समान हक्क देण्याची अट घातली. रुमानियाने ती कागदावर मानली, पण आपल्या बहुसंख्य ज्यूंना नागरिकत्व मिळायला पहिले महायुद्ध संपावे लागले. बर्लिनच्या तहाच्या ६१व्या कलमात आर्मेनियन लोकांच्या सुरक्षिततेची हमी होती. १९१५मध्ये त्याच लोकांची तुर्की साम्राज्यात सामूहिक कत्तल झाली. कैवार घेणारी सत्ता स्वतःच्या सोयीने बोलते आणि स्वतःच्या सोयीने गप्प बसते, आणि तिच्या बोलण्याचा राग मात्र अल्पसंख्याकांवर निघतो, हा धडा त्या काळाने दिला.

पहिल्या महायुद्धानंतर या कैवाराला कायद्याचे रूप देण्याचा प्रयत्न झाला. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायला जर्मनीबरोबरच्या तहावर सह्या झाल्या, त्याच दिवशी पोलंडबरोबर अल्पसंख्याकांच्या हक्कांचा वेगळा करारही झाला. असे करार पुढे पूर्व आणि मध्य युरोपातील इतर नव्या वा वाढलेल्या राष्ट्रांवरही लादले गेले आणि त्यांवर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रसंघाकडे आले. ‘लादले’ हा शब्द जाणूनबुजून वापरतो आहे. ब्रिटन, फ्रान्स, इटली यांनी स्वतःसाठी असे कोणतेही बंधन पत्करले नाही. हे तह जिथे ठरले त्या पॅरिस शांतता परिषदेतच जपानने वांशिक समानतेचे तत्त्व राष्ट्रसंघाच्या करारात घालण्याची सूचना केली. तिला बहुमत मिळाले, तरी अध्यक्षस्थानी असलेल्या वुड्रो विल्सन यांनी एकमत नाही म्हणून ती बाजूला ठेवली. दुजाभाव या व्यवस्थेच्या पायातच होता, आणि १९३४मध्ये पोलंडने अंग काढून घेतले तेव्हा याच दुजाभावाकडे बोट दाखवले.

तरीही ही व्यवस्था अगदीच निष्फळ होती असे म्हणता येत नाही. फ्रान्झ बर्नहाइम हा अप्पर सायलेशियातील ग्लायविट्स येथे एका मोठ्या दुकानात नोकरी करणारा ज्यू. एप्रिल १९३३मध्ये नाझी राजवटीच्या ज्यूविरोधी धोरणामुळे त्याची नोकरी गेली. अप्पर सायलेशियासाठी जर्मनी आणि पोलंड यांच्यात १९२२ साली पंधरा वर्षांचा करार झाला होता आणि त्यात अल्पसंख्याकांना थेट राष्ट्रसंघाकडे अर्ज करण्याची मुभा होती. बर्नहाइमने अर्ज केला. राष्ट्रसंघाच्या कार्यकारी मंडळाने तो ग्राह्य धरला आणि जर्मनीला त्या प्रदेशापुरते ज्यूविरोधी कायदे थांबवावे लागले. जुलै १९३७मध्ये कराराची मुदत संपेपर्यंत त्या पट्ट्यातील ज्यूंना उरलेल्या जर्मनीत नसलेले संरक्षण मिळाले. चार वर्षांत किती जणांना देश सोडता आला असेल याचा विचार केला, की एका अर्जाचे वजन कळते. दुसरीकडे, १९३८मध्ये चेकोस्लोव्हाकियातील सुडेटन जर्मनांच्या ‘छळा’चे निमित्त करून हिटलरने म्युनिकमध्ये त्या देशाचा लचका तोडला. आतल्या माणसाने कायद्याचा आधार घेऊन केलेली तक्रार आणि शेजाऱ्याने भूमीच्या लोभाने काढलेला गळा, यांतला फरक या दोन प्रसंगांत जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कुठे दिसेल.

म्युनिकचा धसका एवढा होता, की संयुक्त राष्ट्रांची सनद लिहिताना अल्पसंख्याकांच्या हमीचा विषय बाजूला पडला आणि देशांतर्गत बाबींत हस्तक्षेपाला मनाई करणारे २(७) हे कलम सनदेत आले. या कलमाची पहिली मोठी परीक्षा घेतली ती भारताने, आणि तेव्हा तर भारत स्वतंत्रही झालेला नव्हता. १९४६मध्ये दक्षिण आफ्रिकेने तिथल्या भारतीयांच्या जमीन खरेदीवर आणि राहण्याच्या जागांवर निर्बंध घालणारा कायदा केला. जूनमध्ये डर्बनला सत्याग्रह सुरू झाला. भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्याच आमसभेत नेला. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. सी. छागला त्यांच्या सोबत होते. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स यांनी हा देशांतर्गत प्रश्न असल्याचा बचाव केला. ब्रिटन आणि अमेरिका त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरीही ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी, ७ सदस्य तटस्थ असताना, भारताचा ठराव दोनतृतीयांश बहुमताने संमत झाला. या विजयाबद्दल आपल्याकडे अभिमानाने लिहिले जाते, पण एक गोष्ट सहसा निसटते. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचे प्रतिनिधी एच. ए. नायडू आणि सोराबजी रुस्तमजी स्वतः हजर होते, आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष डॉ. ए. बी. झुमा हेही. शिष्टमंडळाला तपशील पुरवणारे, भाषणांत काय यायला हवे ते सांगणारे हे लोक होते. वर्णद्वेषी राजवट जायला १९९४ साल उजाडले, मध्ये अठ्ठेचाळीस वर्षे गेली. परंतु एखाद्या सरकारने स्वतःच्या रहिवाशांना कसे वागवावे हा जगाच्या चर्चेचा विषय आहे, हे तत्त्व त्या रात्री मतदानाने प्रस्थापित झाले आणि त्यात भारताचा हात होता.

१९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात अल्पसंख्याकांवर स्वतंत्र कलम नाही. प्रत्येक व्यक्तीला समान हक्क दिले, की समूहाचे वेगळे संरक्षण लागणार नाही, अशी तेव्हाची धारणा होती. १९६६च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारातील २७व्या कलमाने भाषा, धर्म आणि संस्कृती जपण्याचा अल्पसंख्याकांचा हक्क मान्य केला; त्यावरचा सविस्तर जाहीरनामा १८ डिसेंबर १९९२ रोजी आला. दक्षिण आशियाने मधल्या काळात स्वतःचा वेगळा प्रयोग करून पाहिला. ८ एप्रिल १९५०च्या नेहरू–लियाकत करारात दोन्ही देशांनी आपापल्या अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची लेखी हमी एकमेकांना दिली. त्या कराराची अंमलबजावणी दुबळी ठरली. पण शेजाऱ्याच्या अल्पसंख्याकांबद्दल बोलणे ही परकी कल्पना आहे, असे आपल्या उपखंडात तरी कोणी म्हणू नये.

आतली साक्ष आणि बाहेरचा दबाव यांची गाठ सर्वांत घट्ट बसली ती हेलसिंकीत. १ ऑगस्ट १९७५ रोजी ३५ देशांनी केलेल्या या करारात सोव्हिएत संघाला रस होता तो युद्धोत्तर सीमांच्या मान्यतेत. त्याच्या मोबदल्यात मानवी हक्कांचे सातवे तत्त्व त्याने स्वीकारले, आणि कराराचा संपूर्ण मजकूर ‘प्रावदा’ व ‘इझ्वेस्तिया’ या सरकारी दैनिकांत छापून आला. नागरिकांनी तो वाचला. मे १९७६मध्ये पदार्थवैज्ञानिक युरी ऑर्लोव्ह यांनी मॉस्को हेलसिंकी गटाची घोषणा केली. क्रिमियातून हाकललेले तातार, देश सोडू पाहणारे ज्यू, पेंटेकोस्टल पंथीय, लिथुआनियातील कॅथलिक, युक्रेनियन अशा सगळ्यांच्या तक्रारी गोळा करायच्या, पडताळायच्या आणि सही करणाऱ्या देशांच्या दूतावासांकडे पोहोचवायच्या, एवढेच या मूठभर माणसांचे काम. त्याची शिक्षा म्हणून ऑर्लोव्ह यांना सात वर्षे श्रमछावणी आणि पाच वर्षे हद्दपारी मिळाली. १९८२मध्ये गटाला काम थांबवावे लागले. त्या वर्षी कोणी विचारले असते, तर हेलसिंकी फसले असेच उत्तर मिळाले असते. पण नोव्हेंबर १९८६मध्ये व्हिएन्नात या कराराची आढावा परिषद सुरू झाली तेव्हा गटाचे एक संस्थापक सदस्य अनातोली मार्चेन्को चिस्तोपोल तुरुंगात होते. सर्व राजकीय कैद्यांच्या सुटकेसाठी त्यांनी ऑगस्टमध्ये उपोषण आरंभले होते. ८ डिसेंबरला ते गेले. परिषदेत जमलेल्या प्रतिनिधींसमोर सोव्हिएत शिष्टमंडळाला उत्तर देणे अवघड झाले. आठवडाभरात गॉर्कीत नजरकैदेत असलेले शास्त्रज्ञ आंद्रेई सखारोव्ह यांच्या घरी एकाएकी टेलिफोन बसवला गेला आणि दुसऱ्या दिवशी खुद्द गोर्बाचेव्ह यांचा फोन आला : तुम्ही मॉस्कोला परत या. सखारोव्ह यांनी आभार मानले आणि लगेच मार्चेन्कोंच्या मृत्यूचा व इतर कैद्यांचा विषय काढला. १९८७च्या सुरुवातीला सुटकांना वेग आला. सोव्हिएत व्यवस्था बदलण्यामागे अर्थव्यवस्था होती, अफगाण युद्ध होते, हे खरेच. पण कोणते कैदी सुटावेत हे नावानिशी सांगता आले, कारण ती नावे दहा वर्षे कोणीतरी जिवावर उदार होऊन लिहून ठेवली होती.

या अनुभवातूनच नामोल्लेखाला आणि नाव सांगणाऱ्याला संरक्षण हवे, ही जाणीव दृढ झाली. तेरा वर्षांच्या वाटाघाटींनंतर ९ डिसेंबर १९९८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्क रक्षकांविषयीचा जाहीरनामा स्वीकारला. २०००मध्ये या विषयावरच्या पहिल्या विशेष प्रतिनिधी म्हणून लाहोरच्या वकील हिना जिलानी यांची नेमणूक झाली. २००४मध्ये युरोपीय संघाने आपल्या दूतावासांसाठी मार्गदर्शक सूत्रे ठरवली : खटल्यांना हजर राहणे, तुरुंगात भेट मागणे, खलिता देणे. वाचकाला हे किरकोळ वाटेल. पण २३ डिसेंबर २००९ रोजी बीजिंगमध्ये लोकशाहीवादी लेखक लिऊ शियाओबो यांच्यावरचा खटला चालला तेव्हा डझनाहून अधिक देशांच्या राजदूतावासांतील अधिकारी न्यायालयात आत जाऊ देत नसल्याने कडाक्याच्या थंडीत बाहेर उभे होते. दोन दिवसांनी अकरा वर्षांची शिक्षा झाली. त्या उभे राहण्याने निकाल बदलला नाही, पण खटला गुपचूप उरकता आला नाही.

या क्षेत्रातील मतप्रवाहांची ओळखही इथे करून द्यायला हवी. एक प्रवाह शांतपणे, बंद दाराआड बोलणाऱ्यांचा. युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेचे अल्पसंख्याकविषयक पहिले उच्चायुक्त मॅक्स व्हान डेर स्टूल हे त्याचे उत्तम उदाहरण. १९९३मध्ये एस्टोनियातील रशियन भाषकांना परके ठरवू पाहणारा कायदा त्यांच्या आणि इतरांच्या सल्ल्याने दुरुस्त झाला आणि पेटू पाहणारा संघर्ष टळला. दुसरा प्रवाह जाहीरपणे, नाव घेऊन बोलणाऱ्यांचा. तिसरा अटी घालणाऱ्यांचा. सोव्हिएत संघाने ज्यूंना देश सोडू दिल्याशिवाय व्यापारसवलत नाही असे सांगणारी अमेरिकेची जॅक्सन–व्हॅनिक दुरुस्ती त्याचा आरंभ म्हणता येईल. चौथा न्यायालयात जाणाऱ्यांचा. ऑगस्ट २०१७नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना म्यानमार सोडावे लागले, त्यावर गाम्बियासारख्या छोट्या देशाने २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. त्या देशाचे कायदामंत्री अबुबकर तांबादू यांनी आदल्या वर्षी कॉक्स बझारच्या छावण्यांत जाऊन निर्वासितांच्या तोंडून सारे ऐकले होते. २३ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने म्यानमारला संरक्षणाचे अंतरिम आदेश एकमताने दिले. पाचवा प्रवाह अलीकडे बळावला आहे : विकास आधी, हक्कांची चर्चा संवादातून, आणि कोणत्याही देशाचे नाव घ्यायचे नाही. चीन त्याचा अग्रणी आहे. माझे मत असे, की पहिल्या चार पद्धतींपैकी कोणतीही एक सर्वत्र चालत नाही. पाचवी मात्र पीडिताला बोलायला जागाच ठेवत नाही.

म्हणूनच साक्षीदार आणि बाहेरचे जग यांच्यामधला पूल तोडण्यावर आज सर्वाधिक शक्ती खर्च होते आहे. सप्टेंबर २०१३मध्ये चीनच्या कार्यकर्त्या त्साओ शुनली जिनिव्हाला प्रशिक्षणासाठी निघाल्या असता बीजिंग विमानतळावर त्यांना ताब्यात घेण्यात आले. चीनच्या मानवी हक्क अहवालात नागरिकांचेही म्हणणे यावे, ही त्यांची मागणी होती. कोठडीत प्रकृती ढासळून १४ मार्च २०१४ रोजी त्यांचा मृत्यू झाला. काही दिवसांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत त्यांच्यासाठी मिनिटभर शांतता पाळण्याचा प्रयत्न झाला, तर चीनने हरकत घेतली आणि त्या मिनिटाच्या परवानगीवर सभागृहात दीर्घ वाद झाला. रशियात २०१२पासून संस्थांना ‘परकीय हस्तक’ ठरवणारा कायदा आहे. डिसेंबर २०२१मध्ये ‘मेमोरियल’ ही मानवी हक्क संस्था न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली, जानेवारी २०२३मध्ये ऑर्लोव्ह यांनी उभारलेला आणि पुढे पुन्हा सुरू झालेला मॉस्को हेलसिंकी गटही.

आता आक्षेपांकडे. दुटप्पीपणाचा आक्षेप खरा आहे. शत्रूच्या तुरुंगाबद्दल आवाज उठवणारी राष्ट्रे मित्राच्या तुरुंगाबद्दल गप्प असतात. २०१०मध्ये लिऊ शियाओबो यांना नोबेल मिळाल्यावर चीनने नॉर्वेशी संबंध गोठवले, आणि डिसेंबर २०१६मध्ये ते पूर्ववत करताना चीनच्या मूलभूत हितांना बाधा येईल अशा कृतींना पाठिंबा न देण्याचे नॉर्वेने मान्य केले. पण यातून निघणारा निष्कर्ष मित्रांबद्दलही बोला, असा आहे. कोणाबद्दलच बोलू नका, असा नाही. आपल्यालाही हे लागू पडते. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी मानवी हक्क परिषदेत शिनजियांगमधील उइगुरांविषयीच्या अहवालावर केवळ चर्चा घ्यावी, हा प्रस्ताव १७ विरुद्ध १९ मतांनी पडला. अकरा देश तटस्थ राहिले, त्यांत भारत होता. एखाद्या देशाचे नाव घेऊन केलेले ठराव उपयोगी ठरत नाहीत, अशी भूमिका सरकारने मांडली. १९४६चा आपला ठराव एका देशाचे नाव घेऊनच होता, आणि २०१२ व २०१३मध्ये श्रीलंकेविषयीच्या ठरावांच्या बाजूने भारताने मतही दिले होते. चीनशी असलेल्या सीमेमुळे सावधगिरी लागते, हा मुद्दा मी हलका मानत नाही. मग तेच कारण सांगावे. त्याला तत्त्वाचे नाव देऊ नये.

भारताकडे वळलेली नजर आपल्याला बोचते, तीही टाळून चालणार नाही. जुलै २०२३मध्ये युरोपीय संसदेने मणिपूरमधील हिंसाचारावर ठराव केला, तेव्हा परराष्ट्र खात्याने त्याला वसाहतवादी मानसिकता म्हटले. युरोपचा इतिहास पाहता तो राग समजतो. पण आदिवासींसाठी काम करणारे फादर स्टॅन स्वामी यांचे प्रकरण मुंबईत, आपल्या डोळ्यांसमोर घडले. एल्गार परिषद प्रकरणात ऑक्टोबर २०२०मध्ये अटक झालेले कंपवाताचे हे वृद्ध रुग्ण ५ जुलै २०२१ रोजी ८४व्या वर्षी वारले, आणि ती बातमी त्यांच्या जामीन अर्जाची सुनावणी चालू असतानाच मुंबई उच्च न्यायालयाला द्यावी लागली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने दुःख आणि चिंता व्यक्त केली. सारे कायद्यानुसार झाले, आरोपांचे स्वरूप पाहून न्यायालयांनी जामीन नाकारला होता, असे उत्तर दिल्लीतून आले. आरोप सिद्ध झालेले नव्हते. खटला सुरू होण्याआधीच आजारी आरोपी जातो, हा प्रश्न त्या उत्तराने सुटत नाही, आणि तो जिनिव्हाने विचारला म्हणून चुकीचाही ठरत नाही. तो आपणच आधी विचारायला हवा होता.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे : बाहेरच्या चिंतेमुळे कार्यकर्त्यावर देशद्रोहाचा शिक्का बसतो, ज्या समूहासाठी तो बोलतो त्यालाही झळ पोहोचते. असे घडते. म्हणून ज्याचे नाव घ्यायचे त्याला किंवा त्याच्या कुटुंबीयांना आधी विचारावे, त्यांना शांतता हवी असेल तर शांत राहावे, आणि बोलायचे ठरले तर एकदा बोलून विसरू नये. मार्चेन्कोंना जगाने ऐकले ते मेल्यावर. जिवंतपणी ऐकले असते तर वेगळे काही घडले असते का, हा प्रश्न या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

या विषयाची निकड आज अधिक आहे, कारण जुनी व्यवस्था दोन्ही बाजूंनी खचते आहे. शिनजियांगच्या मतदानाने दाखवले, की आर्थिक वजन वापरून चर्चासुद्धा रोखता येते. आणि फेब्रुवारी २०२५मध्ये अमेरिकेने मानवी हक्क परिषदेतून अंग काढून घेतले. आजवर बोलणारे गप्प होतात तेव्हा बोलण्याची जबाबदारी मधल्या आणि छोट्या देशांवर येते. गाम्बियाने ते करून दाखवले आहे.

या संग्रहातील लेखकांनी कोणत्याही एका देशाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हेतू ठेवलेला नाही. तह, ठराव आणि खलिते यांची भाषा मराठी वाचकाला कळावी, प्रत्येक प्रकरणात साक्ष कोणी दिली आणि तिची किंमत काय मोजली हे समजावे, आणि कोणता उपाय कुठे लागू पडला व कुठे वाया गेला याचा हिशेब मांडला जावा, हा त्यांचा प्रयत्न आहे. काही लेखकांचे निष्कर्ष माझ्याहून वेगळे आहेत. निर्बंधांच्या उपयुक्ततेबद्दल तर ते एकमेकांशीही सहमत नाहीत. कायद्याच्या आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी हे मतभेद मुद्दाम वाचावेत. आणि वाचकांना एक विनंती. मानवी हक्क परिषदेत पुढच्या वेळी मतदान होईल आणि भारत बाजूने, विरोधात किंवा तटस्थ राहील, तेव्हा आपल्या खासदाराला पत्र लिहून त्या मताचे कारण विचारा. मतदानाची नोंद जाहीर असते. कारण मागितल्याशिवाय मिळत नाही.